लोकांना सल्ला विचारू नकोस, काम सांग

"ताई, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, माझं वय ३३, ह्यांचं ३९. हे अंबडला एका कंपनीत लाइन सुपरवायझर आहेत. दिवाळीनंतर ऑर्डरी कमी झाल्या, कॉन्ट्रॅक्टची पोरं घरी बसवली, आता परमनंट लोकांनाही आठवड्यातून दोन-तीन दिवस येऊ नका म्हणतात, पुढे काय ते कोणालाच माहीत नाही. दोन महिने झाले, हे पहाटे तीनला उठून बसतात, छातीत धडधडतं म्हणतात. ईसीजी काढला, नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. ओळखीच्या मेडिकलवाल्याने झोपेच्या गोळ्या दिल्यात, अर्धी अर्धी घेतात. आम्ही मूळचे जुन्या नाशकातले, कोरोनाची वर्षं सोडली तर ह्यांनी तिवंध्याची रहाड, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो जुना हौद, कधी चुकवली नाही, पण यंदा रंगपंचमीला मित्र बोलवायला आले तर झोपलेत म्हणून सांग असं मला आतून खुणावलं. सासूबाईंना कोणीतरी त्र्यंबकला नारायण नागबळीची पूजा करा म्हणून सांगितलंय. मोठे दीर म्हणतात आमच्या वेळी नव्हतं असलं काही, मोबाइल काढून घ्या. मामेसासरे म्हणतात महिनाभर पिंपळगावला आमच्या द्राक्षबागेवर पाठवा, हवापालट होईल. नणंदेचं लग्न जमवतोय म्हणून बाहेर कोणाला कळू द्यायचं नाही असं घरात ठरलंय. मी माहेरी येवल्यालाही बोलले नाहीये. एवढ्या लोकांत कोणाचं ऐकू? परवा विम्याचा हप्ता भरताना हसत म्हणाले, माझ्यापेक्षा ह्या कागदालाच जास्त किंमत आहे. — सिडकोतली एक वाचक"

अगं, कोणाचं ऐकू ते बघू नंतर, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलीयस, ती विम्याची. हसत म्हणाले म्हणून सोडून देऊ नकोस. आपल्याकडचे पुरुष असलं काही बोलतात ना ते हसतच बोलतात, रडून बोलायची सोय त्यांना कोणी ठेवलेलीच नाहीये. आज रात्री घरातले झोपले की ह्यांच्याजवळ बस आणि सरळ विचार, "अहो, तुम्ही परवा विम्याचं बोललात तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय, मरणाचे विचार येतात का तुमच्या मनात?" असंच, आडवळण न घेता. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल अशी भीती सगळ्यांनाच वाटते पण तसं होत नाही, हे खूप अभ्यासांतून तपासून झालंय, उलट कोणीतरी विचारलं ह्यानेच बऱ्याच जणांना मोकळं वाटतं. आणि विचारल्यावर लगेच "असं काय बोलता, पोरांकडे बघा" सुरू करू नकोस, ऐकून घे नुसतं.

हो म्हणाले, किंवा काहीच न बोलता खाली बघत राहिले, तर त्या दिवसापासून त्यांना एकटं ठेवायचं नाही आणि डॉक्टरची वेळ पुढच्या आठवड्याची नाही, दुसऱ्याच दिवशीची. १४४१६ हा नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह कर, टेली-मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, आणि त्यांनीच फोन करायला पाहिजे असं काही नाही, तू केलास तरी चालतो. अगदीच हाताबाहेर जातंय वाटलं तर ११२ लाव नाहीतर रिक्षा करून थेट सिव्हिलच्या इमर्जन्सीला ने, वेळ बघू नकोस. आणि त्या झोपेच्या गोळ्यांची स्ट्रिप आजपासून तुझ्या ताब्यात. मेडिकलवाला कितीही ओळखीचा असो, चिठ्ठीशिवाय असल्या गोळ्या द्यायच्या नसतात, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते. पण एकदम बंदही करायला लावू नकोस, तीच स्ट्रिप डॉक्टरला दाखव, ते सांगतील कशी सोडायची. संध्याकाळी क्वार्टर वगैरे चालू असेल, तू लिहिलं नाहीयेस पण असेल, तर तेही डॉक्टरला सांग, लाजू नकोस, दारू आणि झोपेची गोळी एकत्र म्हणजे जिवाशी खेळ आहे.

ह्याच कारणासाठी मामांकडे पाठवायचं सध्या नाही. हवापालट ऐकायला फार छान वाटतं, पण तुला माहितीये ना बागवाल्याच्या घरात काय काय असतं, पडवीत, पंपाच्या खोलीत फवारणीच्या औषधांचे डबे, उघडेच. ज्याच्या मनात काय चाललंय हे आपल्याला पक्कं माहीत नाही त्याला तिथे एकटं पाठवायचं नसतं. आणि दुसरं, मामा स्वतः कुठे निवांत आहेत? गोडी छाटणीपासून माल उतरेपर्यंत ज्याचे डोळे आभाळाकडे लागलेले, एका रात्रीच्या अवकाळीने वर्ष जातं. अशा घरात रात्री जेवताना गप्पा कशाच्या होणार. तुझा नवरा एका चिंतेतून उठून दुसऱ्याच्या चिंतेत जाऊन बसेल. मामांना वाईट वाटणार नाही असं सांग, म्हणावं डॉक्टरकडे दाखवतोय, बरं वाटलं की सगळेच येतो बाग बघायला.

आता तुझा मूळ प्रश्न, एवढ्या लोकांत कोणाचं ऐकू.

मला जे दिसतं ते सांगते, पटतंय का बघ. आपली माणसं वाईट नाहीत गं. आपल्या लोकांना काम दिलं की ते सोनं करतात आणि मत विचारलं की घोळ घालतात. मे २०२० आठव, मुंबई-आग्रा हायवेने माणसं पोरंबाळं घेऊन पायी चालली होती, तेव्हा आपल्या नाशिकच्या लोकांनी घरून पोळ्या करून नेल्या, पाणी दिलं, चपला दिल्या, कोणी कोणाला विचारलं नाही की बाबा तू कुठला, कोणत्या जातीचा. कोणाच्या घरी मयत झालं तर बघ, त्या घरात चूल पेटत नाही पण शेजारून पिठलं-भात येतो, तेराव्यापर्यंत कोणी ना कोणी येऊन बसतं, बोलायला काही नसलं तरी बसतं. कोणी शिकवलंय का हे? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, कोणी काय करायचं हे ठरलेलं आहे म्हणून होतं.

नोकरी जाईल की राहील ह्या भीतीला मात्र असं काही ठरलेलं नाही. तिला तेरावा नाही, तिला सुतक नाही, कोणी डबा घेऊन येत नाही, कारण काही झालेलंच नाहीये अजून. माणूस कामावर जातोय, अर्धा का होईना पगार येतोय, दिसायला सगळं ठीक. मग ज्यांना काय करायचं ते कळत नाही ते काय करतात, बोलतात. दीर बोलतात, मामा बोलतात, फॅमिली ग्रुपवर सकाळी सूर्यफुलाच्या फोटोवर 'सकारात्मक राहा' येतं. ह्यात कोणाची नियत खोटी नाहीये, पण ज्याला तीन वाजल्यापासून जाग आहे त्याला सात वाजता ते सूर्यफूल बघून काय वाटत असेल सांग. त्याला वाटतं सगळ्यांना जमतंय, मलाच जमत नाहीये, म्हणजे खोट माझ्यातच. तो ग्रुप म्यूट करून दे त्यांच्या फोनवर, बाहेर पडलात तर चर्चा होईल, म्यूट केलेलं कोणाला कळत नाही.

म्हणून मी म्हणते, इथून पुढे कोणाला 'काय करू' विचारू नकोस, 'हे कराल का' एवढंच विचार. ते रंगपंचमीला दारात आलेले मित्र आहेत ना, मला तुझ्या अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात कामाचे वाटले. जो माणूस वर्षानुवर्षं रहाडीत धप्पा, म्हणजे उडी, मारत आलाय तो रंगाच्या दिवशी दार लावून आत बसतो, मोबाइल काढून घेतल्याने बरं होणारं दुखणं नाहीये हे, दिरांना हे सांग. आवडीच्या गोष्टीतून मन उठणं हे आजाराचं मोठं लक्षण आहे, पहाटे लवकर जाग येऊन परत डोळा न लागणं हेही त्यातलंच, आणि असं दोन आठवड्यांच्या वर रोज चाललं तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात, तुमचे दोन महिने झालेत. आता त्या मित्रांपैकी जो कमी बोलणारा असेल, मंडळात खुर्च्या उचलणारा, स्टेजवर न चढणारा, त्याला गाठ. सगळी स्टोरी सांगायची गरज नाही. "ह्यांना झोपेचा त्रास होतोय, डॉक्टर चालू करतोय, तुम्ही रोज सकाळी सहाला येऊन ह्यांना पांडवलेणीला घेऊन जाल का? विचारू नका काय झालं, नुसतं चढा आणि उतरा." बघ तो येतो की नाही. आणि हे आतून नाही म्हणाले तरी त्याला सांगून ठेव, दाराशी उभं राहायचं, चहा घेऊन जायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं.

दिरांनाही काम दे. घराचा हप्ता, शाळेची फी, गॅस, किराणा, हे सगळं एका कागदावर मांडून सहा महिने कसं निभेल ते बसून काढायचं काम त्यांचं. पहाटे तीनला माणूस मनात हाच हिशोब घालत बसलेला असतो आणि अंधारात घातलेला हिशोब कधीच जुळत नाही, कागदावर आला की निदान आकडा कळतो. 'आमच्या वेळी नव्हतं' म्हणणाऱ्या माणसाकडून हे काम मात्र उत्तम होतं, माझा अनुभव आहे. तसं त्यांच्या वेळीही होतंच, तेव्हा त्याला 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणायचे नाहीतर 'दारूपायी गेला' म्हणायचे, एवढाच फरक.

सासूबाईंचं जरा नाजूक आहे. मी पूजेवाली बाई नाही हे आधीच सांगते, पण तू त्यांच्याशी ह्यावरून भांडू नयेस असं मला वाटतं. त्यांचा पोरगा डोळ्यासमोर सुकत चाललाय आणि त्यांना हातात धरायला काहीतरी हवंय, ती पूजा त्यांच्यासाठी आहे, हे ओळख. पण नारायण नागबळी म्हणजे तीन दिवस त्र्यंबकला राहणं, दक्षिणा, कपडे, येणं-जाणं, अर्ध्या पगारात हे कर्ज काढून करायचं नाही ही पहिली अट. आधी डॉक्टर, मग पूजा, ही दुसरी, आणि ती तारखेसकट, नाहीतर 'पूजा झाली की बघू' म्हणत म्हणत अजून महिना जाईल. पूजा करायचीच ठरली तर औषधं उपवासाच्या दिवशीही चालू राहतील. आणि एक गोष्ट मात्र अजिबात खपवून घेऊ नकोस, कोणी म्हणालं की पितृदोष आहे, तुमच्याकडून काहीतरी राहिलंय, तर ते ह्यांच्या कानावर जाता कामा नये. ज्याला आधीच सगळी चूक स्वतःचीच वाटतेय त्याच्या डोक्यावर मेलेल्या माणसांचंही ओझं कशाला? बाहेरचं आहे म्हणून कोणी मारहाण, धुरी, कोंडून ठेवणं असलं काही सुचवलं तर तिथून उठून यायचं, २०१३ पासून आपल्या राज्यात त्याविरुद्ध कायदा आहे, तो गुन्हा आहे. सासूबाईंना घरच्या घरी काही करायचं असेल तर करू दे ना, संध्याकाळी देवापाशी दिवा लावून पाच मिनिटं मुलाला शेजारी बसवलं तर कोणाचं काय जातं, उलट त्या पाच मिनिटांत त्याच्या पाठीवरून आईचा हात तरी फिरेल.

डॉक्टर म्हणजे कोणता, तर मानसोपचारतज्ज्ञ. ईसीजीवाले डॉक्टर चुकीचे नव्हते, हृदय ठीक आहे हे कळणं गरजेचंच होतं, पण 'टेन्शन घेऊ नका' हे काही औषध नाही. आपल्याकडे मनाचं दुखणं बऱ्याचदा अंगातूनच बोलतं, धडधड, डोकं जड, पाठीला मुंग्या, पित्त, त्यामुळे माणूस फिजिशियन, मग पोटाचा डॉक्टर, मग मणक्याचा असा फिरत राहतो आणि फायली जाड होतात. घरात त्यांना 'मानसोपचार' शब्दाने भडका उडणार असेल तर म्हण, "अहो, तुम्ही दोन महिने झोपला नाहीत, मला एकटीला आता झेपत नाहीये, माझ्यासाठी चला." स्वतःसाठी न जाणारा माणूस बायकोसाठी जातो बरेचदा. पैशांचं म्हणशील तर त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. गर्दी असते, सकाळी लवकर जा, डबा घेऊन जा. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेलच, त्यावरही दाखवता येतं, घरातल्यांनाही चालतं ते. खासगीत जायचं तर जा, पण फी आणि किती वेळा यावं लागेल ते फोनवर आधीच विचार, त्यात कमीपणा नाही.

डॉक्टर बहुतेक थायरॉइड, बी-१२ वगैरे तपासायला सांगतील, कारण त्यानेही असं होऊ शकतं. गोळ्या लिहून दिल्या तर एक लक्षात ठेव, नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, काहींना जास्तही, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी असलं आधी जाणवतं. इथेच आपले लोक सोडून देतात, चार दिवस घेतल्या, काही फरक नाही, उलट त्रास झाला. त्रास झाला तर त्याच डॉक्टरला फोन करायचा, बंद करायच्या नाहीत. बेचैनी फारच वाढली, किंवा मरणाबिरणाचं परत बोलले, तर त्याच दिवशी न्यायचं. आणि ह्या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही, पण बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड असा त्रास होतो, सोडायच्याही डॉक्टरच्या हिशोबाने.

नणंदेच्या लग्नाचं काय करायचं. बघ, सगळ्यांना सगळं सांगायला आपण बांधील नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला "झोपेचा आणि धडधडीचा त्रास होता, डॉक्टर चालू आहेत, बरंय आता" एवढं पुरे आहे, आणि ह्यात खोटं काहीच नाही. पण नणंदेला स्वतःला सगळं खरं सांगा, तिच्या लग्नासाठी म्हणून लपवताय आणि तिलाच माहीत नाही, हे मला काही पटत नाही. उद्या तिला कळलं की माझ्या लग्नापायी दादाचे उपचार लांबले तर तिला ते आयुष्यभर टोचेल. आणि भावाला नोकरीच्या टेन्शनने झोप येत नाही, औषध चालू आहे, एवढ्यावरून स्थळ मोडणारी माणसं असतील तर त्या घरात तिची एखादी रात्र वाईट गेली तर काय होईल, हा विचार सासूबाईंपुढे मांड, मी सांगितलं म्हणून नको, तुझा म्हणून मांड.

राहिलीस तू. अख्ख्या पत्रात तू कशी आहेस ह्यावर एक ओळ नाही. तुझी झोप होते का, जेवतेस का? आईला सांगणं जड जात असेल तर नको सांगूस, जावयाचं म्हणलं की आयांचा जीव वरखाली होतो, पण माहेरी बहीण, वहिनी, कोणीतरी एक जण निवड आणि तिला काय ते पूर्ण सांग, न गाळता. तिलाही काम देऊनच सांग, "मी रोज रात्री साडेनऊला फोन करणार, तू फक्त ऐकायचंस, उपाय सांगायचा नाहीस." येवल्याहून कोणी आठ दिवस राहायला येऊ शकत असेल तर बोलाव, पैठणी बघायला आलेय म्हणून सांगितलं तर हसतील सगळे, उलटी गंगा कशी काय, तर म्हणावं नाशकात कुंभाची कामं चाललीयत ती बघायला आलेय, खोदलेले रस्ते काय कमी आहेत बघायला!

घरात मूल असेल, आहे असं धरूनच लिहितेय कारण शाळेच्या वयाची पोरं सगळं ओळखतात, तर त्यालाही दोन वाक्यांत सांग. बाबांना बरं नाहीये, डॉक्टर औषध देतायत, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही. हे तिसरं वाक्य झालं, पण तेच आधी सांग. कंपनीतून फोन आला आणि ह्यांना बोलवत नसेल तर "ते बाहेर गेलेत, संध्याकाळी करतील" म्हण आणि संध्याकाळी शेजारी बसून करायला लाव. राजीनामा, गाव सोडणं, फ्लॅट विकणं, मित्राबरोबर धंदा, असला कुठलाही मोठा निर्णय औषधं सुरू होऊन दोन-तीन महिने होईपर्यंत घ्यायचा नाही, डॉक्टरकडूनही तेच सांगून घे म्हणजे दिरांचं तोंड बंद राहील. सिव्हिलला जाताना आधीचा ईसीजी, गोळ्यांची स्ट्रिप आणि आधार कार्ड बरोबर ने, आणि आत डॉक्टरसमोर ते विम्याचं वाक्य हे बोलले नाहीत तर तू बोल.